राकसकोपच्या पाण्यास आर. ओ. कशाला?

महाशय,

पाण्यातील क्षार काढणारे आर. ओ. यंत्र घरोघरी असावेच, हे आपल्या पत्रलेखकांचे प्रतिपादन मला मान्य नाही. राकसकोप जलाशयात अडविलेले, आमच्या नळाला येणारे मार्कंडेय नदीचे पाणी मुळात क्षारबहुल नव्हे. खरा धोका आहे तो, पाणी बंद असताना रिकाम्या झालेल्या नळांत फुटक्या सांध्यांवाटे गटाराचे पाणी शिरते त्याचा; आमच्या शहापुरात तर नळाला बांधलेल्या फडक्यावर पहिल्या घागरीसरशी साचणारा तांबूस गाळ मी रोज धुतो. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असता निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडणारे यंत्र लावणे हा, उन्हाळ्यात घागरींची रांग पाहिलेल्या माणसास, असह्य अपव्यय वाटतो. गाळून खळखळून उकळणे पुरे. कूपनलिकेचे पाणी मात्र आधी तपासून घ्यावे. पाणीपुरवठा करणाऱ्या खात्यानेही नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतो किंवा कसे, याचा तपशील वॉर्डवार जाहीर करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव