आरोग्यसेविका ते पदवीधर परिचारिका : सात वर्षांची वाट

देशातील परिचर्या शिक्षणाचे नियमन करणारा १९४७ चा कायदा रद्द करून त्याच्या जागी राष्ट्रीय आयोग स्थापन करण्याची तरतूद असलेल्या कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १५७ नव्या शासकीय परिचर्या महाविद्यालयांसाठी १,५७० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. या महाविद्यालयांतून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर परिचारिका बाहेर पडतील, अशी अपेक्षा त्या वेळी व्यक्त करण्यात आली. या घोषणांचा रोख बारावीनंतर थेट पदवीकडे वळणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांवर आहे. परंतु रुग्णालयांच्या कक्षांत आणि आरोग्य उपकेंद्रांत अनेक वर्षे काम करीत असलेल्या प्रमाणपत्रधारक व पदविकाधारक परिचारिकांना पदवीपर्यंत कसे पोहोचता येईल, हा प्रश्न मात्र चर्चेत मागेच राहिला आहे.

या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यासाठी बंगळुरूच्या सर्जापूर रोडचे उदाहरण उपयुक्त ठरते. कोरमंगलाकडून निघून आगरा, इब्लूर अशी वस्ती ओलांडत सर्जापूर गावाकडे जाणारा हा रस्ता आज माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि उंच गृहसंकुलांसाठी ओळखला जातो. नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबेही या भागात राहतात. याच रस्त्याच्या शहराकडील टोकाला सेंट जॉन्स राष्ट्रीय आरोग्यविज्ञान अकादमीचा परिसर आहे. भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने १९६३ मध्ये सुरू केलेले वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले मोठे रुग्णालय आणि परिचर्या महाविद्यालय या परिसरात आहे. बी. एस्सी. नर्सिंग, पदव्युत्तर शिक्षण आणि पदविकाधारक परिचारिकांसाठी असलेला दोन वर्षांचा ‘पोस्ट बेसिक बी. एस्सी.’ अभ्यासक्रम येथे चालतो.

रस्त्याच्या पुढच्या भागातील गृहसंकुलांत वेगळे चित्र दिसते. वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसाठी घरी येणाऱ्या सेविकांमध्ये काही नोंदणीकृत परिचारिका असतात, काहींनी एएनएम प्रशिक्षण घेतलेले असते, तर काहींनी केवळ काही महिन्यांचा वर्ग केलेला असतो. कुटुंबाच्या लेखी मात्र त्या सगळ्याच ‘सिस्टर’ असतात. त्यांच्यातील फरक कागदावर मोठा आहे आणि तो ओलांडण्याची वाट त्याहूनही मोठी आहे.

भारतात परिचर्येच्या मुख्यतः तीन पायऱ्या आहेत. पहिली सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजेच एएनएम. गावपातळीवरील आरोग्यसेविका ती हीच. बारावीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या विद्यार्थिनीला करता येतो. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, या निकषावर उभी असलेली ग्रामीण आरोग्यव्यवस्था तिच्याच खांद्यावर आहे. दुसरी पायरी जीएनएम पदविकेची. ती तीन वर्षांची असून त्यानंतर नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका म्हणून राज्य परिषदेकडे नाव लागते. तिसरी पायरी चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगची. तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असतात.

बारावी कला शाखेतून उत्तीर्ण होऊन एएनएम झालेल्या मुलीला थेट पदवीचे दार बंद आहे, कारण तिच्याकडे विज्ञान विषय नाहीत. ती नोंदणीकृत एएनएम या नात्याने जीएनएमला प्रवेश घेऊ शकते. परंतु तेथे तिला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. प्रसूती, लसीकरण, मातेची व बालकाची तपासणी हे तिने प्रत्यक्ष केलेले असले तरी त्याची वजावट मिळत नाही. पुढे जीएनएम पूर्ण झाल्यावर पोस्ट बेसिकची आणखी दोन वर्षे. म्हणजे दोन, तीन आणि दोन अशी एकूण सात वर्षे. विज्ञान शाखेतून आलेली तिची मैत्रीण हीच पदवी चार वर्षांत मिळविते. ज्या मुलीची आर्थिक स्थिती अधिक नाजूक, तिलाच अधिक काळ आणि अधिक पैसा मोजावा लागतो, असा या रचनेचा अर्थ होतो.

ही रचना एका दिवसात तयार झालेली नाही. भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. आधी प्रमाणपत्र घेतलेल्या परिचारिकांना दोन वर्षांत पदवी देणारा अभ्यासक्रम १९६३ मध्ये तिरुअनंतपुरम येथे सुरू झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्राला या विषयाची जाण त्याही आधीपासून आहे. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळावे म्हणून प्रयत्न केले, तेव्हा स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करणारा व्यवसाय म्हणूनच त्याकडे पाहिले गेले होते. मात्र पदविका आणि पदवी यांना जोडणारा पूल तयार झाला, तरी एएनएम आणि पदविका यांच्यामध्ये तसा पूल बांधला गेला नाही. आरोग्यसेविकेला अनुभवानंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहाय्यिका होता येते. पण ही बढती खात्यांतर्गत राहते आणि ती विद्यापीठाच्या पदवीकडे नेत नाही.

पदवी मिळाल्याने नेमके काय बदलते, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. केंद्र शासनाच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर या पदाची वेतनश्रेणी जीएनएम आणि बी. एस्सी. या दोघींसाठी एकच आहे. फरक प्रवेशद्वारावर आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या सामाईक भरती परीक्षेत जीएनएम उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. बी. एस्सी. अथवा पोस्ट बेसिक पदवीधराला ही अट नाही. एम. एस्सी. आणि त्यापुढील अध्यापन, संशोधन व प्रशासनाचा मार्ग केवळ पदवीधरांनाच खुला आहे. २०१८ पासून सुरू झालेल्या आरोग्य व कल्याण केंद्रांमधील समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठी पदवीधर आणि जीएनएम परिचारिका पात्र ठरतात. त्याच उपकेंद्रात वर्षानुवर्षे काम केलेली एएनएम मात्र ठरत नाही. स्वतःच्याच केंद्रात नव्याने आलेल्या, वयाने लहान अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याची वेळ तिच्यावर येते.

हा केवळ परिचारिकांच्या हिताचा विषय नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रुग्णालयांचा अभ्यास करून २००३ मध्ये काढलेला निष्कर्ष जगभर चर्चिला गेला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते, असे त्यांना आढळले. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ मधील अभ्यासात ही घट सुमारे ७ टक्के दिसली. परदेशातील आकडे भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत हे खरे. तरीही परिचारिकेच्या शिक्षणाचा संबंध रुग्णाच्या जिवाशी आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मग नोकरीतील परिचारिका पदवीसाठी पुढे का येत नाहीत? याचे उत्तर बहुतांशी हिशेबात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २० हजार रुपये वेतन मिळावे, अशी शिफारस केली होती. हाच आकडा धरला तरी दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडणारी परिचारिका ४ लाख ८० हजार रुपयांच्या मिळकतीवर पाणी सोडते. शुल्क, वसतिगृह आणि पुस्तके यांचा खर्च त्याहून निराळा. केंद्र शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सेवेनंतर अध्ययन रजा मागता येते आणि संपूर्ण सेवाकाळात ती साधारणपणे २४ महिन्यांपर्यंत मिळू शकते. खासगी रुग्णालयातील परिचारिकेला असे संरक्षण देणारा नियम नाही. घर चालविण्याची जबाबदारी जिच्यावर आहे, तिला हा निर्णय परवडणारा नसतो.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने यावर एक उपाय दिला. तेथील पोस्ट बेसिक अभ्यासक्रम नोकरी सांभाळून किमान तीन वर्षांत पूर्ण करता येतो. बारावीनंतर जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचा, तर दहावीनंतर झालेल्यांना पाच वर्षांचा अनुभव आवश्यक धरला जातो. अनुभवाला पात्रतेत स्थान देणारी ही तरतूद महत्त्वाची आहे. मात्र अनुभव येथे केवळ प्रवेशाची अट ठरतो. अभ्यासक्रमाचा भार त्यामुळे हलका होत नाही.

कर्नाटकात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण येते. परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते. त्यामुळे बंगळुरू अथवा बेळगाव येथे शिकून कोल्हापूर, सांगली वा सोलापूरला नोकरी करायची असेल, तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नव्याने नोंद करून घ्यावी लागते. २०१७ मध्ये कर्नाटकातील संस्थांना केंद्रीय परिषदेची मान्यता आवश्यक आहे की राज्याची पुरेशी आहे, हा वाद न्यायालयात पोहोचला होता. त्याची झळ प्रामुख्याने परराज्यांत नोकरी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना बसली. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेची खातरजमा करून घेणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. २०२३ च्या कायद्यात राष्ट्रीय पातळीवरील एकत्रित नोंदवहीची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात नीट उतरल्यास हा त्रास बराच कमी होऊ शकेल.

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांची स्थिती तर अधिक बिकट आहे. १०८ क्रमांकाची सेवा कर्नाटकात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. परंतु हे तंत्रज्ञ २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याखाली येतात, तर परिचारिकांसाठी वेगळा कायदा आहे. दोन कायदे, दोन नोंदवह्या आणि त्यांच्यामध्ये कोणताही जोडरस्ता नाही. अपघातग्रस्ताचा श्वसनमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबविणे यांत तरबेज असलेल्या तरुणाला परिचारक व्हायचे असल्यास बारावीच्या गुणपत्रिकेपासूनच सुरुवात करावी लागते. अमेरिकेत परवानाधारक साहाय्यक परिचारिकांसाठी आणि अनेक ठिकाणी पॅरामेडिकसाठीही नोंदणीकृत परिचारिका होण्याचे संक्षिप्त अभ्यासक्रम आहेत. इंग्लंडमध्ये २०१९ पासून ‘नर्सिंग असोसिएट’ हे नोंदणीकृत पद आहे आणि त्याचे दोन वर्षांचे शिक्षण पुढील पदवीत गृहीत धरून उरलेला भाग कमी काळात पूर्ण करता येतो.

अनुभव मोजल्यास दर्जा घसरेल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. केवळ वर्षे भरली म्हणून पदवी देणे रुग्णाच्या दृष्टीने घातक ठरेल. शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय सरावाने येत नाहीत, ते शिकावेच लागतात. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. शेकडो प्रसूती हाताळलेल्या स्त्रीला प्रसूतिकक्षातील मूलभूत तास पुन्हा भरायला लावून ज्ञानात भर पडत नाही. अशा विषयांत तिची परीक्षा घ्यावी, ती उत्तीर्ण झाली तर ते तास माफ करावेत आणि वाचलेला वेळ विज्ञान विषयांच्या पूरक वर्गाला द्यावा, हा मध्यममार्ग शक्य आहे.

त्यासाठी लागणारी चौकट अंशतः तयार आहे. बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम २०२१ च्या नियमांनुसार सत्र आणि श्रेयांक पद्धतीवर आणला गेला. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभव आणि कौशल्य यांनाही श्रेयांक देण्याचे तत्त्व स्वीकारले. एएनएम आणि जीएनएम मात्र अद्याप वर्षे आणि तास यांच्याच हिशेबात अडकले आहेत. जीएनएम टप्प्याटप्प्याने बंद करून पदवी हीच किमान पात्रता ठरविण्याचा निर्णय भारतीय परिचर्या परिषदेने घेतला होता, पण तो अंमलात येऊ शकला नाही. खालची पायरी काढून टाकण्यापेक्षा ती वरच्या पायरीला जोडणे अधिक व्यवहार्य आहे, हाच त्या अनुभवाचा धडा मानावा लागेल.

संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार देशात सुमारे ३३ लाख परिचर्या कर्मचाऱ्यांची नोंदणी झाली होती. त्या तुलनेत वर्षाला १५,७०० नव्या पदवीधरांची भर अल्प आहे. नवी महाविद्यालये आवश्यक आहेतच. पण त्यांतील काही जागा सेवेतील एएनएम आणि जीएनएम यांच्यासाठी राखणे, पूर्वशिक्षणाचे श्रेयांक निश्चित करणे आणि खासगी रुग्णालयांनाही लागू होणारी अध्ययन रजा आणणे, ही तीन पावले उचलली गेली तर सात वर्षांची वाट निम्म्यावर येऊ शकेल. नव्या व्यवस्थेचे यश किती इमारती उभ्या राहिल्या यावर ठरणार नाही. उपकेंद्रातील किती आरोग्यसेविका नोकरी न गमावता पदवीपर्यंत पोहोचल्या, हीच तिची खरी कसोटी असेल.