आमचा कौल कौलांना

घर बांधायला काढलेल्या माणसाला सल्ला देण्याचा मूलभूत हक्क घटनेने प्रत्येक नागरिकाला दिलेला असावा, अशी माझी जुनी शंका आहे. पायाच्या वेळी मंडळी जरा दबकून असतात. पाया जमिनीखाली जातो आणि तिथलं कुणालाच काही दिसत नाही. भिंती उभ्या राहू लागल्या की त्यांना कंठ फुटतो. आणि छपराची पाळी आली की वाटेवरून म्हैस घेऊन जाणारा माणूससुद्धा म्हशीला थांबवून तज्ज्ञ होतो.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात छपराच्या बाबतीत दोन पक्ष आहेत. एक पत्रापक्ष, दुसरा कौलपक्ष. यांपैकी पत्रापक्ष सध्या जोरात आहे. एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहिलंत तर लाल छपरांच्या मधूनमधून निळे, हिरवे पत्रे असे चमकताना दिसतील की, एखाद्या सात्त्विक पंगतीत कुणी गॉगल लावून बसलं आहे असं वाटावं. गावचं आमचं घर नव्याने बांधायचं ठरल्यापासून या पक्षाचे प्रचारक माझ्याकडे रोज खेपा घालताहेत.

मी बँकेत कारकून, शिक्षणाने बी.कॉम. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नाही. पण जमा कुठली आणि नावे कुठलं, एवढं कळतं. आणि पत्रापक्षाच्या जमाखर्चात मला जी खोट दिसते, ती चव्हाट्यावर मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी आमच्याच पक्षातल्या काही उत्साही मंडळींना खाली बसवतो. ही मंडळी 'कौल म्हणजे आपली संस्कृती! पत्रा म्हणजे परकीय आक्रमण!' असं म्हणत उठतात. मंडळी, जरा सबुरीने घ्या. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो, त्याचा मंगळूरमधला पहिला कारखाना 1865 साली बासेल मिशनच्या पाद्र्यांनी काढला. माती नेत्रावतीकाठची खरी; पण एका कौलाने दुसऱ्यात अडकून बसायची युक्ती फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंची, 1841 सालची. आणि पन्हळी पत्र्याचं पेटंट हेन्री पामर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने लंडनमध्ये घेतलं ते 1829 साली. म्हणजे वयाने पत्राच थोरला! आपलं म्हणावं असं छप्पर एक तर गवताचं, नाही तर गावच्या कुंभाराच्या नळीच्या कौलांचं. आणि ते घालायला आज आपल्यापैकी कुणीही तयार नाही. तेव्हा संस्कृती बाजूला ठेवू. दोघेही परदेशातून आलेले पाहुणे आहेत. त्यातला कोण घरात नीट वागतो, एवढाच प्रश्न आहे.

आता पत्रापक्षाचा जाहीरनामा. त्यात पाच कलमं आहेत: पत्रा हलका, पत्रा झटपट, पत्रा स्वस्त, पत्र्याला माकडं फोडत नाहीत आणि पत्र्याला देखभाल नाही.

पहिली दोन कलमं मी बिनशर्त मान्य करतो. आमच्या घराच्या छपराला अदमासे दोन हजार कौलं लागतील. एकेक अडीच किलोचं धरलं तरी पाच टन झाले. तेवढंच छप्पर पत्र्याने झाकलं तर पाच-सहाशे किलोंत भागतं. कौलं पेलायला वासे, रिपा सगळं दणकट लागतं. शिवाय कौलं चढवायला माणसांची रांग लागते, आणि पत्र्याचे चार गडी सकाळी येतात ते संध्याकाळी छप्पर घालून, चहा पिऊन, पैसे मोजून निघूनही जातात. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा डोक्यावरचं छप्पर गेलेल्या माणसाला पुढच्याच पावसाआधी काहीतरी आडोसा हवा होता. त्या माणसापुढे कौलाचं गुणगान करणारा माणूस निर्दय तरी असला पाहिजे, नाहीतर कवी तरी. त्या वादळाने भेदभाव मात्र केला नाही. पत्रेही उडवले, कौलंही उडवली. छप्पर कशाचं आहे यापेक्षा ते भिंतीला किती घट्ट बांधलं आहे, हे वारा बघतो.

माकडांचं कलमही खरं आहे. पत्र्यावर माकड नाचलं तर आपली झोप मोडते. कौलावर नाचलं तर झोप आणि कौल दोन्ही मोडतात. छपरावर आलेल्या फांद्या छाटणं आणि परसात शंभरएक कौलं शिलकीत ठेवणं, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही. या विषयात पत्रापक्षाला पैकीच्या पैकी गुण देऊन मी पुढे सरकतो.

पण 'स्वस्त' या कलमापाशी माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. पत्रापक्ष तुम्हाला फक्त पहिल्या दिवसाचं बिल दाखवतो. त्यानंतरचं मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता येतं. पत्रा असतो अर्ध्या मिलिमीटरचा. वर सूर्य आणि खाली आपलं टक्कल यांच्यामध्ये एवढंच अंतर! कौल चांगलं बोटभर जाड, मातीचं. आणि कौला-कौलांमधल्या फटींतून आतली गरम हवा वर निघून जाते, चुलीचा धूरही जातो. पत्रा रात्री लवकर निवतो, हे कबूल; पण घरातली म्हातारीकोतारी माणसं दुपारी आडवी होतात, त्यांना 'जरा रात्रीपर्यंत थांबा' असं कसं सांगायचं? मग पत्र्याखाली उष्णता अडवायचा थर येतो. तो दिसायला बरा दिसत नाही म्हणून त्याखाली सीलिंग येतं. तरी भागत नाही म्हणून पंखा, मग दुसरा पंखा, मग एसी, आणि मग महिन्याच्या महिन्याला विजेचं बिल. आम्ही कॉलेजात भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकलो तो यासाठीच. भांडवली खर्चात वाचवलेले पैसे महसुली खर्चाच्या वाटेने निघून गेले, तर त्याला बचत म्हणत नाहीत, हप्ता म्हणतात.

मग येतो पाऊस. आमच्याकडे हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. शंभर चौरस मीटर जागेवरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे तीस टँकर आकाशातून थेंबाथेंबाने पत्र्यावर ओतले, तर खाली काय ऐकू येईल याची कल्पना करा. कौलावरचा पाऊस ऐकत माणूस झोपतो. पत्र्यावरच्या पावसात शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तर खुणा कराव्या लागतात. (काही संसारांत ही सोय ठरू शकेल, पण तो मुद्दा मी पत्रापक्षाला आयता देणार नाही.)

आणि पत्रापक्षाच्या मनातलं गुपित सांगू का? अलीकडे बाजारात लाल रंगाचा, कौलांची नक्षी दाबलेला पत्रा मिळतो. लांबून बघितलं तर कौलच वाटावं! कौलापेक्षा पत्रा इतका सरस असेल, तर त्याला कौलाचं सोंग घ्यायची वेळ का यावी? पत्र्यासारखं दिसणारं कौल आजवर कुण्या कारखान्याने काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता शेवटचं कलम. पत्र्याला देखभाल नाही! माझं खरं भांडण या एका वाक्याशी आहे.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पत्र्याला देखभाल लागत नाही असं नाही. ती दिसत नाही एवढंच. गंज चढतो तो कापलेल्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने कडक होतो, चिरतो, आणि एका आषाढात आपण जमिनीवर बादली ठेवतो. तोवर सगळं झकास असतं. कौलाचं तसं नाही. एक फुटलं, एक बदललं. बाकीच्या एक हजार नऊशे नव्याण्णवांना पत्ताही लागत नाही. पत्र्याला मोठं भोक पडलं की अख्खा लांबलचक पत्रा उतरवा. मोडीत पत्र्याला भंगारवाल्याकडे किलोवर भाव मिळतो आणि कौलाला मिळत नाही, हे खरं. पण फुटक्या कौलांवर कोकणातल्या पोरांच्या पिढ्यान् पिढ्या लगोरी खेळल्या आहेत. ही रक्कम मी कोणत्या खात्यात जमा धरू?

दर मे महिन्यात कौलं परतायची असतात. दोन माणसं वर चढतात, कौलं काढतात, पालापाचोळा झाडतात, फुटकी बाजूला करतात. रिपेला वाळवी लागली आहे का, वासा कुठे कुजला आहे का, उंदराने कुठे बिऱ्हाड केलं आहे का, सगळं त्यांच्या नजरेखालून जातं. याला पत्रापक्ष 'कटकट' म्हणतो. आमच्या बँकेत याला ऑडिट म्हणतात. ऑडिट कुणालाच आवडत नाही. पण 'आमच्याकडे ऑडिटची गरजच पडत नाही' असं सांगणाऱ्या संस्थेत तुम्ही ठेव ठेवाल का?

माणसं मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. कौलं परतणारी माणसं गावात कमी झाली, कारण गावात माणसंच कमी झाली. ती कुठे गेली? तुमच्याआमच्यासारखी ठाण्याला, मुंबईला, पुण्याला गेली. मुंबईहून आमच्या धाकट्या बंधूंचा फोन येतो, "दादा, पत्रा टाक आणि मोकळा हो. वीस वर्षं बघायला नको." मोकळा हो! कशातून मोकळा? घर बघायला नको हे घराचं वैशिष्ट्य आहे, की गावी जायला नको याची सोय? आपण पत्र्याकडे मागतो ते छप्पर नसतंच. आपल्याला हवी असते गैरहजेरीची कायमची रजा, आणि पत्रेवाला ती बिलासोबत मंजूर करून देतो.

हा सगळा वाद चालू असताना आमची आई दारात बसून सोलं निवडत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने आपणहूनच विचारलं, "तुम्ही येणार गणपतीत पाच दिवस आणि मेमध्ये आंबे संपेपर्यंत. उरलेलं वरीसभर दुपारची मी कुठे पडू?"

एवढ्या सगळ्या सल्लागारांत हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. आम्ही दर काढले, वजनं काढली, वीस वर्षांचा हिशेब मांडला. पण त्या छपराखाली वर्षातले तीनशे दिवस एक शहात्तर वर्षांची बाई राहणार आहे, ही नोंद कुठल्याच रकान्यात नव्हती. आमच्या बँकेत खातं उघडायला आलेल्या माणसाचं आम्ही आधी केवायसी करतो. हा कोण, राहतो कुठे, हे कळल्याशिवाय पासबुक देत नाही. छपराचंही तसंच करावं. पैसे कोण देणार हे नंतर विचारा. खाली कोण झोपणार हे आधी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गोठ्याला पत्रा घाला, लाकडांच्या खोपीला घाला, गाडी ठेवायची असेल तिथे तर जरूर घाला. गाडीला दुपारी झोप लागत नाही. पैशांची ओढाताण असेल तर घरावरही खुशाल घाला, आणि कुणाच्या बापाचं ऐकू नका. पण परवडत असूनही केवळ 'बघायला नको' म्हणून पत्रा घालणार असाल, तर सही करण्यापूर्वी एक करा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गावातल्या एखाद्या पत्र्याच्या घरात, पंखा बंद करून अर्धा तास पडून राहा. मग उठून कौलाच्या घरात तेवढाच वेळ पडा. कोटेशन नंतर वाचा. मात्र दुसऱ्या घरात तुम्हाला जागं करायला कुणीतरी सोबत न्या.

आमच्याकडे देवळात देवाला कौल लावायची पद्धत आहे. मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, आणि उजवीकडची पडली की होकार समजतात. छपरासाठी देवाला तसदी देण्याचं मला काही कारण दिसत नाही. ज्या माणसाला त्याखाली राहायचं आहे, त्याने उजवा कौल आधीच दिलेला आहे.

दोन हजार कौलांची ऑर्डर गेली आहे. वर शंभर शिलकीत, माकडांच्या नावे.