मेंदूचे रक्षण थिएटरच्या दाराबाहेर सुरू होते

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चालू सर्व्हरचा भाग बदलण्यातली जोखीम मला ठाऊक आहे. महाधमनीच्या कमानीची शस्त्रक्रिया त्याहून कितीतरी अवघड. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या याच कमानीतून निघतात. ती बदलताना रक्तप्रवाह थांबवावा लागतो आणि एरवी मेंदू ते जेमतेम चार-पाच मिनिटे सोसतो.

१९७५ मध्ये अमेरिकी सर्जन रँडल ग्रीप व सहकाऱ्यांनी शरीर खूप थंड करून कमान बदलण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. तापमान १८ अंशांच्या आसपास आणले की मेंदूची ऑक्सिजनची गरज घटते आणि साधारण अर्धा तास मिळतो. आता अनेक ठिकाणी उजव्या काखेजवळच्या धमनीतून मेंदूला रक्तही देत राहतात. कपाळावरचे सेन्सर ऑक्सिजनवर नजर ठेवतात. म्हणजे एका उपायावर भिस्त नाही.

पण महाधमनीचा आतला थर अचानक फाटला, तर मेंदूचा रक्तपुरवठा शस्त्रक्रियेआधीच तुटू शकतो. कमानीजवळच्या अशा फाटीत पहिल्या दोन दिवसांत, उपचाराविना, दर तासाला मृत्यूचा धोका सुमारे १ टक्क्याने वाढतो. सर्जनने मिळवलेला अर्धा तास आपण ‘गॅस असेल’ म्हणत घरीच घालवतो. छातीत किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली, तर थेट रुग्णालय गाठा. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

आणि रस्ता-पाण्यासाठी निवेदन देतो, तसेच एक निवेदन जिल्हा रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन चालू राहावा म्हणूनही द्यायला हवे.