विश्लेषण : वर्गप्रतिनिधी निवडताना एकच नाव का? स्काउटमधील मतदानाची वेगळी पद्धत

शाळा सुरू झाल्या की महाड, पोलादपूरमध्येही वर्गप्रतिनिधी आणि शालेय मंत्रिमंडळाच्या निवडीचे वेध लागतात. कुठे शिक्षक नाव जाहीर करतात, कुठे चिठ्ठ्यांवर मतदान होते. चिठ्ठीवर नाव मात्र एकच लिहायचे. त्यामुळे ज्या वाडीची मुले जास्त, तिचाच उमेदवार अनेकदा निवडून येतो. अमेरिकेतील स्काउट चळवळीने यावर वेगळा मार्ग काढला आहे.

काय आहे ही पद्धत?

‘ऑर्डर ऑफ द ॲरो’ ही स्काउटमधील मानाची संस्था 1915 मध्ये सुरू झाली. तिच्यात अर्ज करून प्रवेश मिळत नाही. पथकातील मुलेच मतदान करून सोबत्यांना निवडतात. उमेदवाराने ठरावीक श्रेणी मिळवलेली आणि दोन वर्षांत 15 रात्री शिबिरात काढलेल्या असाव्या लागतात. पथकप्रमुखाची संमतीही लागते. मतदानात मात्र मोठ्यांना मत नसते.

मोजणी कशी होते?

पथकातील किमान निम्मी मुले हजर हवीत. प्रत्येकाने पात्र यादीतील कितीही नावांवर खूण करावी. सर्वांवर, काहींवर किंवा एकावरही नाही. जमा मतपत्रिकांपैकी किमान निम्म्यांवर नाव असेल, तो निवडून आला. 24 मतपत्रिका आल्या तर 12 हव्यात. पाच जणांना 12 मिळाली तर पाचही निवडले जातात.

फायदा काय, धोका काय?

मित्राला मत दिले म्हणून दुसऱ्या लायक मुलाचे मत कमी होत नाही. एका वाडीच्या उमेदवारालाही इतर वाड्यांची मते मागावी लागतात. पण निम्म्यांहून अधिक मुलांनी ठरवून एखाद्याचे नाव टाळले, तर तो कितीही लायक असला तरी बाहेर राहतो. बहुसंख्यांचा निर्णय न्याय्यच असतो असे नाही, हे महाडला 1927 च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापासून ठाऊक आहे.

शाळांनी काय करावे?

प्रतिनिधी एकच हवा असेल तर सर्वाधिक खुणा मिळवणारा निवडावा. मतदान गुप्त ठेवावे आणि पात्रतेच्या अटी आधीच फळ्यावर लिहाव्यात. चिठ्ठ्या मुलांसमोर मोजाव्यात. खर्च शून्य. अठराव्या वर्षी मतदान यंत्रासमोर उभे राहण्याआधी, आपला माणूस आणि लायक माणूस यांतला फरक करण्याचा सराव वर्गातच व्हायला हवा.