निर्जन रस्त्याचें मोल

आमच्या सायकलीची ओळख या पानाच्या जुन्या वाचकांस पूर्वींच झालेली आहे. चौतीस वर्षें ती आम्हांस शाळेंत पोंचवीत होती. पांच वर्षांपूर्वीं एका मोटारीचा ओझरता धक्का लागून आम्ही कडेच्या खडीवर पडलों, उजवें मनगट मोडलें, आणि त्याच आठवड्यांत घरच्या मंडळींनीं एकमतानें सायकल माळ्यावर चढविली. आम्हींही हरकत घेतली नाहीं. मागून येणाऱ्या मोटारीचा आवाज ऐकला कीं आमचे हात थरथरूं लागत. तें कोणास कळूं नये म्हणून आम्ही गुडघेदुखीचें निमित्त सांगत असूं.

गेल्या उन्हाळ्यांत फ्रान्समध्यें लिमोझ येथें कन्येच्या घरीं राहावयास गेलों असतां, आमच्या चौदा वर्षांच्या नातीनें सायकलवर भटकावयास चलण्याचा आग्रह धरला. आम्हीं नेहमींप्रमाणें गुडघा पुढें केला. ती म्हणाली, "गुडघ्यासाठींच तर गियर असतात, आजोबा." या युक्तिवादास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं जांवईबापूंनीं दोन सायकली मोटारीवर बांधून आम्हां दोघांस क्रूझ जिल्ह्यांतील मिलवाशच्या पठारावर, फो-ला-मोंताञ या गांवीं, सोडलें. तेथून झांत्यू हें गांव आठ-दहा किलोमीटर. ‘मिलवाश’ याचा शब्दशः अर्थ हजार गाई. परंतु कित्येक पंडितांच्या मतें त्यांतील ‘वाश’ म्हणजे गाय नव्हे, तो झऱ्याचा कांहीं जुना शब्द असावा. आणि व्हियेन, क्रूझ व व्हेझेर या तीन नद्या याच पठारावर उगम पावतात हें पाहतां तें मनास पटतें. आपल्या अमरकोशांत ‘गो’ शब्दाच्या अर्थांत गाय आहे आणि जलही आहे, ही गोष्ट आम्हीं मोठ्या उत्साहानें नातीस सांगूं लागलों. ती म्हणाली, "आजोबा, उतार आहे, आधीं ब्रेक धरा."

रस्ता अरुंद, परंतु तळहातासारखा साफ. मध्यें रेघ नाहीं, कडेस दुकान नाहीं, फलकांची गर्दी नाहीं. एका बाजूस बीच वृक्षांची राई, दुसऱ्या बाजूस तांबूस रंगाच्या गाई चरत असलेलें कुरण. बराच वेळ एकही वाहन भेटलें नाहीं. साखळीची कुरकुर आणि पांखरांचा आवाज एवढेंच काय तें ऐकूं येत होतें.

मग मागून मोटार आली. आमचे हात थरथरूं लागले. पुढें वळण होतें. आतां ती आम्हांस कडेला रेटणार असें वाटून आम्हीं दांडा घट्ट धरला. पण मोटारीचा वेग उतरला, आणि वळण संपून पुढचा रस्ता स्पष्ट दिसेपर्यंत ती आमच्या मागेंच मंदगतीनें येत राहिली. कर्णा वाजला नाहीं. मग रस्त्याच्या थेट पलीकडच्या बाजूनें ती पुढें निघून गेली. नातीनें सांगितलें कीं, तेथील कायद्यानें सायकलस्वारास ओलांडतांना गांवाबाहेर दीड मीटर आणि गांवांत एक मीटर अंतर राखावें लागतें. समोरचें नीट दिसत असेल तर त्यासाठीं रस्त्यावरील अखंड रेघ ओलांडण्याचीही मुभा २०१५ सालापासून दिलेली आहे. तेथील सारेच मोटारवाले साधुपुरुष आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु परक्या जिवाला किती जागा द्यावयाची हें त्या देशानें मीटरांत लिहून ठेवलें आहे, आणि त्या दिवशीं ती जागा आम्हांस मिळाली.

इतका चांगला रस्ता इतका मोकळा कसा, हा प्रश्न आमच्या मास्तरी डोक्यांत घोळूं लागला. घरीं परतल्यावर पुस्तकें उघडलीं तेव्हां त्याचें अर्धें उत्तर मिळालें. २१ मे १८३६ च्या कायद्यानें फ्रान्समधील गांवोगांवच्या रस्त्यांचा भार त्या त्या ग्रामसंस्थेवर टाकला. त्यासाठीं कर बसवितां येई, आणि धडधाकट पुरुषांकडून व गाडी-जनावरांकडून वर्षांतून तीन दिवसांपर्यंत काम घेतां येई. ज्यास काम नको त्यानें पैसे भरावे. आज त्या देशांत लहानमोठ्या मिळून सुमारें ३५,००० ग्रामसंस्था व नगरसंस्था आहेत, आणि सुमारें ११ लाख किलोमीटर रस्त्यांपैकीं निम्म्याहून अधिक त्यांच्याच ताब्यांत आहेत. एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावयास बहुधा दोन-तीन वाटा असतात. घाईचीं वाहनें मोठ्या रस्त्यानें जातात, लहान रस्ता रिकामा राहतो. मिशलँ कंपनीच्या नकाशांत मोठे रस्ते तांबडे, मधले पिवळे आणि लहान पांढरे दाखवितात. जाणता सायकलस्वार पांढऱ्या रेघा शोधीत जातो.

चढ लागला तेव्हां गियरांची महती कळली. या सुखाविषयीं ज्याचे उपकार मानावे तो गृहस्थ म्हणजे सेंत-एत्येन नगराचा पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०). ‘वेलोसिओ’ या टोपणनांवानें तो सायकलीविषयींचें एक मासिक चालवी. चढावर गति बदलतां यावी यासाठीं त्यानें आयुष्यभर लेखणी झिजविली. ‘टूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीच्या चालकांनीं साखळी सरकविणाऱ्या गियरांस १९३७ सालापर्यंत परवानगी दिली नाहीं. वेलोसिओ मात्र सांगे कीं सायकल ही शर्यतीसाठींच नसून देश पाहण्यासाठीं आहे. तो शाकाहारी होता हें वाचून आमच्या सौभाग्यवतींना विशेष संतोष झाला. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, आणि केवळ ऐटीखातर कधीं पायडल मारूं नये, अशा आशयाचे त्याचे नियम आहेत. आपल्याकडील दिनचर्येच्या ग्रंथांत ते सहज खपून जातील.

दुसरा नियम आम्हीं मोडलाच होता. दुपारचे बारा वाजून गेले, बाटली रिकामी झाली, आणि त्या प्रांतीं दुपारीं दुकानें बंद. वाटेंतील एका वाडीच्या दफनभूमीपाशीं नात थांबली व आंतील तोटीवर बाटली भरून घेऊन आली. थडग्यांवरील फुलझाडांस घालण्यासाठीं तेथें नळ असतो. ‘पिण्याजोगें नाहीं’ असा फलक नसेल तर सायकलस्वार तेथेंच पाणी घेतात. आमचें सोवळें क्षणभर जागें झालें. पण पाणी थंड होतें आणि तें हातांत देणारी मुलगी आमची होती. आम्हीं प्यालों.

त्याच वाडींत एक बंद शाळा दिसली. एका दारावर ‘मुलगे’, दुसऱ्यावर ‘मुली’ अशीं अक्षरें कोरलेलीं, आणि दोन्ही दारांस कुलुपें. आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग तेथें उभा होता. क्रूझ जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ सालीं सुमारें २,८७,००० होती. आज ती सुमारें १,१५,००० आहे. येथील पुरुष गवंडीकामासाठीं पिढ्यान् पिढ्या पॅरिसला जात. प्रथम ते पायीं जात व हिवाळ्यांत परत येत, पुढें पुढें तिकडेच राहूं लागले. जे उरले त्यांतील तरुण १९१४ च्या महायुद्धांत गेले. त्या युद्धांत फ्रान्सचे सुमारें १४ लाख सैनिक मेले, आणि स्मारक नाहीं असें गांव त्या देशांत क्वचितच सांपडेल.

झांत्यूचें स्मारक मात्र इतरांसारखें नाहीं. १९२२ सालच्या त्या स्तंभापाशीं विजयी शिपाई नाहीं, ध्वज नाहीं. एक शाळकरी पोर उभा आहे, बाप गमावलेला. एका हातांत टोपी, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली, आणि ती मूठ मृतांच्या नांवांखालीं कोरलेल्या चार शब्दांकडे रोखलेली. त्या शब्दांत त्यानें युद्धाला शाप दिला आहे. त्या उंचीचीं मुलें आम्हीं चौतीस वर्षें वर्गांत पाहिलीं. त्यांच्या मुठी आम्हीं खडू चोरल्याच्या संशयानें उघडविल्या असतील, परंतु अशी मूठ आमच्या पाहण्यांत आली नाहीं.

जवळच बसून आम्हीं दशम्या आणि चटणी सोडली. त्या पोराकडे पाहतां पाहतां आमच्या तोंडून निघून गेलें, "बाळ, आमचा गुडघा दुखत नाहीं. आम्हांस भीति वाटते."

"मला ठाऊक होतें, आजोबा," ती म्हणाली. "पूजेला मांडी घालून तासभर बसतां तेव्हां तुमचा गुडघा कधींच दुखत नाहीं."

परततांना तीन मोटारी मागून आल्या. पहिल्या दोहोंस हात थरथरले. तिसरी गेल्यावर तसें झालें नाहीं हें मागाहून ध्यानांत आलें.

आपल्याकडे परत आल्यावर सायकल माळ्यावरून उतरविली आहे. मोठ्या रस्त्यावर आम्ही ती नेत नाहीं. नदीकांठच्या जुन्या गाडीवाटेनें पहांटे देवळापर्यंत जातों. जाऊन येऊन तीन किलोमीटर. ती वाट गांवाचीच असून तिच्यावर फार खड्डे पडले आहेत. आमच्या गांवांत अजून शाळा भरते, मुलें याच वाटेनें येतात, तेव्हां वाट दुरुस्त व्हावी असा अर्ज आम्हीं ग्रामपंचायतीकडे दिला आहे, आणि श्रमदानास तीन दिवस स्वतः येण्याचें त्यांत लिहून दिलें आहे. उत्तर आलें म्हणजे वाचकांस कळवूं.