कानाचें सोवळें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक गृहस्थ आले होते. वयानें वडील, अनुभवानें संपन्न. पानावर बसल्यावर त्यांनीं 'थोडें पानी द्या' म्हणतांच पलीकडच्या पंक्तींत मुलांची खसखस पिकली. मुलांना दटावलें खरें. पण त्यांना हंसावयास शिकविलें कोणीं, हा प्रश्न मनांतून जाईना.

स्वयंपाकघरांतील सोवळें आतां बहुतेक घरांतून गेलें. कानाचें मात्र सुटलेलें नाहीं. एका 'न'वरून आपण मनुष्याचें गांव, जात व शिक्षण ठरवून मोकळे होतों.

वस्तुतः हा कान घडतो पाळण्यांत. जॅनेट वेर्कर व रिचर्ड टीज यांनीं कॅनडांत केलेले प्रयोग १९८४ सालीं प्रसिद्ध झाले. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हिंदींतील 'त' व 'ट' यांचा भेद ओळखतां आला. दहा-बारा महिन्यांच्या मुलांपैकीं मात्र फारच थोड्यांना. हिंदी ऐकत वाढणाऱ्या मुलांचा तो भेद शाबूत होता. घरांत जें कानीं पडतें तेंच कान जपून ठेवतो. मग 'पाणी' म्हणण्यांत आपलें कर्तृत्व तें कोणतें, आणि 'पानी' म्हणणाराचा अपराध तरी कोणता?

बरें, 'ण' तेवढा शुद्ध म्हणावा, तर मूळ संस्कृत शब्द आहे 'पानीय'. महाराष्ट्री प्राकृतानें संस्कृतांतील 'न'चा सामान्यतः 'ण' केला. त्याच वाटेनें 'जन'चा 'जण' झाला आणि 'पानीया'चें 'पाणी'. ज्या उच्चाराला आपण हंसतों, तो त्या एका वर्णापुरता तरी देववाणीला अधिक जवळचा आहे!

प्रमाणभाषा शिकवूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. शाळेंत व लेखनांत सर्वांना समजेल असें एक रूप हवेंच. परंतु शिकविणें निराळें आणि हंसणें निराळें. हंसण्यानें उच्चार सुधारत नाहीं. बोलणाराच मुका होतो.

त्या दिवशीं त्या गृहस्थांनीं पुन्हा पाणी मागितलें नाहीं. ताकभाताच्या वेळीं त्यांनीं तांब्याकडे नुसतें बोट दाखविलें. आमच्या घराच्या सुशिक्षितपणाची परीक्षा त्या बोटानें केली, आणि आम्ही तींत नापास झालों.