भाव पडला, गाव उठले

लॉस एंजेलिसहून लास वेगासकडे धावणाऱ्या मोटारी बार्स्टो शहर मागे टाकल्यावर सहसा थांबत नाहीत. महाराष्ट्रातून मुलाकडे वा मुलीकडे गेलेल्या ज्येष्ठांची सहलही याच मार्गाने जाते आणि मोहावीचे वाळवंट खिडकीच्या काचेतूनच पाहून संपते. वास्तविक बार्स्टोच्या थोडे पुढे, येर्मोजवळ, डाव्या बाजूच्या डोंगरउतारावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एक नाव लिहिलेले दिसते : कॅलिको. लॉस एंजेलिसपासून हे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर अंतरावर आहे. ज्याला दगडांची आवड आहे, त्याने येथे एक दिवस अवश्य काढावा.

हे नावच भारतातून गेलेले आहे. कालिकत बंदरातून जाणाऱ्या सुती कापडाला युरोपात ‘कॅलिको’ म्हणत. पुढे अमेरिकेत रंगीत छापील कापडाला हेच नाव रूढ झाले. मोहावीतील या डोंगरावर तांबडे, पिवळे, हिरवट, जांभळट असे खडकांचे पट्टे एकमेकांना खेटून आहेत. ते पाहून जुन्या खाणवाल्यांना छापील लुगड्याची आठवण झाली आणि डोंगराला कापडाचे नाव मिळाले.

१८८१ साली या डोंगरात चांदी सापडली. ‘सिल्व्हर किंग’ ही येथील सर्वांत नामांकित खाण. बघता बघता उजाड माळावर दुकाने, खाणावळी, शाळा आणि टपाल कचेरी उभी राहिली. भरभराटीच्या काळात वस्ती सुमारे १,२०० होती आणि आसपासच्या लहानमोठ्या खाणींची संख्या ५०० च्या घरात पोहोचली होती. डॉर्सी नावाचा एक कुत्रा पाठीवर टपालाची पिशवी बांधून जवळच्या खाणवस्तीपर्यंत पत्रे पोहोचवीत असे. लहान मुलांना या गावाच्या इतिहासातील तोच सर्वांत प्रिय पुरुष वाटतो.

मग हे गाव ओस का पडले? डोंगरातील चांदी संपली म्हणून नव्हे, तर चांदीचा भाव पडला म्हणून. १८८१ मध्ये एक औंस चांदीला एक डॉलरहून अधिक किंमत मिळे. १८९४ मध्ये ती सुमारे ६४ सेंटांवर आली. या घसरणीची कारणे अनेक होती. त्यांतील एक मुंबईशी जोडलेले आहे. तोवर कोणीही व्यापारी मुंबई किंवा कलकत्त्याच्या टाकसाळीत चांदी देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. जगातील मोठी चांदी त्या वाटेने हिंदुस्थानात जिरत असे. जून १८९३ मध्ये सरकारने ही मुभा बंद केली आणि चांदीचा बाजार एकदम कोसळला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारनेही कायद्याने बांधलेली चांदीची खरेदी थांबविली. डोंगरातून दगड काढून त्यातून चांदी वेगळी करण्याचा खर्च आता विक्रीतून निघेना. खाणी एकामागून एक बंद पडल्या. १८९८ मध्ये टपाल कचेरीलाही कुलूप लागले. ज्या कामगारांनी आयुष्याची उमेदीची वर्षे त्या बोगद्यांत घातली, त्यांच्या मेहनतीत काही उणे नव्हते. तिचे मोल मात्र दूर देशीच्या टाकसाळींत आणि कायदेमंडळात ठरत होते.

चांदीपाठोपाठ आणखी एका खनिजाने या डोंगराला काही वर्षे तगवून धरले. ते म्हणजे कोलमनाइट, ज्यापासून टाकणखार बनतो. सोनाराच्या दुकानात डाग देताना सांध्यावर जो पांढरा क्षार लावतात, तोच हा टाकणखार. त्याचे संस्कृत नाव टंकण. तिबेटातून येणारा टाकणखार युरोपात शतकानुशतके ‘टिंकल’ या नावाने विकला जात असे, तेही याच शब्दाचे रूप. कॅलिकोच्या पूर्वेला ‘बोरेट’ नावाची वस्तीच या क्षारावर उभी राहिली. वीस जनावरे जुंपलेल्या अजस्र गाड्यांतून माल डॅगेट स्थानकापर्यंत जाई. पुढे त्यासाठी लहान रेल्वेही आली. १९०७ मध्ये हे कामही डेथ व्हॅलीकडे हलले आणि डोंगर निःशब्द झाला.

१९५१ मध्ये वॉल्टर नॉट या उद्योजकाने ओसाड कॅलिको विकत घेतले. त्यांच्या एका नातलगाचा संबंध सिल्व्हर किंग खाणीशी होता. जुनी छायाचित्रे समोर ठेवून त्यांनी पडक्या इमारती पुन्हा उभ्या केल्या आणि १९६६ मध्ये हे गाव सॅन बर्नार्डिनो जिल्ह्याच्या प्रशासनाला देऊन टाकले. आज ते सार्वजनिक उद्यान आहे. ‘मॅगी’ खाणीच्या बोगद्यातून सुरक्षितपणे चालत जाता येते आणि छोट्या आगगाडीतून डोंगराला वळसा घालता येतो. मात्र या आवारातील दगड डोळ्यांनीच पाहायचे असतात.

दगड वेचण्याचा छंद असणाऱ्याला अमेरिकेत ‘रॉकहाउंड’ म्हणतात. असे हौशी लोक गावाबाहेरच्या म्यूल कॅन्यनकडे आणि आसपासच्या मोकळ्या सरकारी जमिनीकडे वळतात. तेथे अकीक, जॅस्पर, पट्ट्यापट्ट्यांचा चुनखडी दगड आणि दगड झालेली ताडाची मुळे मिळतात. परीक्षा सोपी आहे. अकिकावर पोलादी चाकूचा ओरखडा उठत नाही, चुनखडीवर उठतो. चुनखडीवर शिरका टाकला की बुडबुडे येतात. अकिकाला मेणासारखी झळाळी असते आणि त्याची पातळ कड उन्हासमोर धरली की प्रकाश आरपार दिसतो. धुळीने माखलेल्या दगडावर पाणी शिंपडावे, म्हणजे रंग खुलतात.

या छंदाला शिस्तीची चौकट आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या जमिनीवर स्वतःपुरते थोडे दगड साध्या हत्यारांनी घेता येतात. ते विकता येत नाहीत. अश्मीभूत लाकडाची मर्यादा दिवसाला २५ पौंड व एक तुकडा, आणि वर्षाला २५० पौंड अशी आहे. प्राण्यांच्या हाडांचे जीवाश्म आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या. कोणी खाणीचा हक्क नोंदविला असेल, तर त्याच्या परवानगीवाचून हात लावायचा नाही. राष्ट्रीय उद्यानांत तर एक खडाही उचलायचा नसतो.

शिस्तीहून मोठी गोष्ट जिवाची आहे. या डोंगरात जुन्या खाणींची उघडी तोंडे जागोजाग आहेत. आतील लाकडी टेकू कुजलेले असतात, अंधारात खोल विहिरीसारखे खड्डे असतात, आणि काही ठिकाणी हवेत प्राणवायू इतका कमी असतो की माणूस भान येण्यापूर्वीच कोसळतो. चांगला दगड आत असेल, या मोहाने पाऊल टाकू नये. मुलांचा हात सोडू नये. प्रवास नोव्हेंबर ते मार्च या काळात करावा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी गाडीत असावे, आणि कोठे जात आहोत व केव्हा परतणार हे घरी कोणाला तरी सांगून निघावे.

ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. ज्वालामुखीच्या खडकातील पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून अकीक तयार होतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाने घडलेल्या दख्खनच्या पठारातही हेच घडले. विहीर खणताना वा खडी फोडताना येथे निघणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. कॅव्हनसाइट हे निळे खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरेगॉनमध्ये ओळखले गेले, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून आले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात अशी खनिजे मुलांना दाखविता येतात.

कॅलिकोच्या चांदीचा भाव बाजाराने ठरविला आणि बाजारानेच तो पाडला. मुलाने वाळवंटात वाकून, पारखून उचललेल्या अकिकाच्या एका तुकड्याला बाजारात मोल नाही, म्हणून ते कधी पडणारही नाही. त्याने एकच तुकडा निवडावा, तो कोठे व केव्हा मिळाला याची चिठ्ठी त्याला लावावी, आणि बाकीचे दगड पुढे येणाऱ्यांसाठी तेथेच राहू द्यावेत.